राखीव खाट

आमच्या वॉर्डात आजवर कुणी दगावलं नव्हतं, कारण आमच्या वॉर्डात कधी कुणी आजारीच नव्हतं. लष्करी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, दोन कुंपणांच्या आत, एक लांबलचक बैठी इमारत आहे. दोन्ही भिंतींना लागून खाटा. प्रत्येक खाटेशी ऑक्सिजनचा सिलेंडर, सलाईनचा स्टँड, पांढरी चादर, पायथ्याशी घडी घातलेलं ब्लँकेट. कपाटांत औषधं, मुदत संपायच्या आत बदललेली. आणि माणूस एकही नाही. या वॉर्डाची मी सिस्टर. केस काळे होते तेव्हा इथे आले, आता पांढरे झाले तरी इथेच आहे.

युद्ध झालं की जखमी येणार, त्यांच्यासाठी हा राखीव वॉर्ड. युद्ध होत नाही, म्हणून जखमी येत नाहीत. तरी रोज सकाळी मी कुलूप उघडते, फरशी पुसून घेते, सिलेंडरचे काटे तपासते. ठरल्या दिवशी चादरी धुवायला जातात. न मळलेल्या जातात आणि न मळलेल्याच परत येतात. धोबी एकदा म्हणाला होता, "सिस्टर, तुमची मंडळी फार टापटीप दिसते." लोकांना वाटतं, ही म्हणजे बसून खायची नोकरी. बसून बघा म्हणावं. आजारी माणूस निदान कण्हतो, शिव्या देतो, बरा होऊन जाताना हात जोडतो. रिकामी खाट काही म्हणत नाही. तिची सेवा करायला जास्त निष्ठा लागते.

ती निष्ठा माझ्यात होती, आणि त्याला कारण होतं. माझे वडील सैन्यात होते. मागच्या युद्धात त्यांच्या मांडीला गोळी लागली. मरण्यासारखी जखम नव्हती. पण त्याआधी बरीच वर्षं शांततेची गेली होती आणि सरकारला वाटलं होतं, राखीव वॉर्ड, राखीव रक्त, राखीव डॉक्टर हवेत कशाला, हे पांढरे हत्ती पोसायचे कुणी? मग जखमी यायला लागले तेव्हा त्यांना एका शाळेच्या व्हरांड्यात निजवलं. वडील तिथल्या फरशीवर रक्त जाऊन जाऊन गेले. आई पोचली तेव्हा त्यांच्या अंगाखाली वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा अंथरलेला होता, कारण चादरी संपल्या होत्या. मी तेव्हा लहान होते आणि माझा भाऊ आईच्या पोटात होता. म्हणून पुढे कुणी माझ्यासमोर म्हणालं, की शांततेच्या काळात सैन्यावर एवढा खर्च कशाला, तर माझं डोकं फिरायचं. मी म्हणायची, या, माझ्या आईला विचारा.

आमच्या कुंपणापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे सरकारी दवाखाना. तिथे एका खाटेवर दोघं, एकाचं डोकं इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. खाटेखाली तिसरा. जिन्यात बायका मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या. मी चादरीचे कोपरे मोडायची त्या खिडकीतून हे सगळं दिसायचं. एकदा न राहवून मी आमच्या कर्नलसाहेबांना, म्हणजे इस्पितळाच्या प्रमुखांना, विचारलं होतं, की निम्म्या खाटा तरी त्यांना वापरायला देता येतील का.

ते चिडले नाहीत. माणूस चांगला आहे. म्हणाले, "सिस्टर, आज निम्म्या दिल्या की उद्या सगळ्या जातील. आणि ज्या दिवशी आपली पोरं स्ट्रेचरवरून येतील, त्या दिवशी कुठल्या म्हाताऱ्याला तुम्ही खाटेवरून उठवणार? तहान लागल्यावर विहीर खणायची नसते."

मला पटलं. घरी जाऊन मी हे भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "विहीर खणलीत ते झकास केलंत, ताई. पण दोर कुलपात ठेवून बसलाय, त्याचं काय?" आणि हसला, आणि हसता हसता खोकायला लागला.

त्याला आम्ही बारक्या म्हणायचो. उंचीने माझ्याहून हातभर जास्त, दोन लेकरांचा बाप, पण घरात बारक्या तो बारक्याच. काचेच्या कारखान्यात वाळू चाळायचा. वर्षानुवर्षं ती धूळ नाकातोंडात जाऊन छाती भरत गेली. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं तेव्हा भावजय रडली आणि हा म्हणाला, "रडतेस काय, आपलं घर बांधायला वाळू आयती मिळाली." काम सोडलं. मग बसून करता येईल असं कायकाय करत राहिला. जिना चढला की वर पोचल्यावर बोलायला त्याला थोडा वेळ लागायचा, एवढंच. आम्हाला त्याची सवय झाली होती.

यंदा थंडीत त्याला ताप आला आणि छातीत उतरला. ओठ निळे पडले तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं. खाट मिळाली नाही, बोळात चटईवर जागा मिळाली. ऑक्सिजनचा एक सिलेंडर चाकांच्या गाड्यावरून फिरायचा. थोडा वेळ याला, मग काढून पलीकडच्या आजींना, मग पुढे. मास्क नाकावर असेपर्यंत बारक्याच्या चेहऱ्यावर रंग यायचा. काढला की ओसरायचा. भावजय त्या गाड्याच्या मागेमागे डोळे फिरवत बसायची.

तिथली डॉक्टरीण पोरगेलीच होती, पण चेहरा थकून म्हातारा झालेला. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तीन-चार दिवस सलग ऑक्सिजन आणि शिरेतून औषध मिळालं, तर हे निभावतील. सलग म्हणजे सलग. मला इथे तासभरही सलग देता येत नाही." मग तिने माझ्या गणवेशाकडे पाहिलं. त्यावरचं इस्पितळाचं चिन्ह पाहिलं. आणि दुसऱ्या पेशंटकडे वळली.

मी कर्नलसाहेबांकडे गेले. एक खाट द्या म्हणाले. चार दिवस. त्यांनी माझ्यासमोर वर फोन लावला, माझ्यासाठी चांगलं बोलले, आणि मग नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "तुमचे वडील असते तर देता आली असती. सैनिकाच्या वयात आलेल्या मुलाला नाही देता येत. एकाला दिली की गेटवर रांग लागेल, सिस्टर."

"लागू दे," मी म्हणाले. "रांगेत माणसंच असतील ना?"

"नियम मी केलेला नाही," ते म्हणाले. आवाज खरंच पडलेला होता. "पण मी तो मोडला, तर उद्या हा वॉर्डच राहणार नाही. वर बसलेले टपलेत बंद करायला. पुन्हा ते शाळेचे व्हरांडे हवेत का तुम्हाला?"

माझंच शस्त्र माझ्यावर. मी बाहेर आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला वॉर्डात शिरवेना. इतक्या खाटा, इतकी हवा भरून ठेवलेली, आणि रस्त्यापलीकडे माझा भाऊ वाटणीच्या श्वासावर. भावजय संध्याकाळी एवढंच म्हणाली, "ताई, किल्ली तर तुमच्याकडेच असते ना."

किल्ली माझ्याकडे होती, पण गेट नव्हतं. गेटवर पहारा. आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती, प्रत्येकाला विचारणा. लपवून न्यायला बारक्या काही डबा नव्हता. बाहेरची माणसं आत यायची ती वर्षातून एकदाच, ड्रिलच्या दिवशी. आणि ड्रिल तोंडावर आलं होतं.

आमचं ड्रिल म्हणजे युद्धाची रंगीत तालीम. गावातली गरीब माणसं, हमाल, फेरीवाले, बांधकामावरच्या बाया, यांना जखमी म्हणून बोलावतात. एक वेळचं जेवण आणि दिवसभर खाट. अंगावर लाल रंग फासायचा, गळ्यात रंगाची चिठ्ठी अडकवायची. लाल म्हणजे आधी याला बघा, पिवळी म्हणजे हा थांबेल, हिरवी म्हणजे चालता-फिरता, काळी म्हणजे मेला. सगळ्यांनी कण्हायचं, ओरडायचं. आम्ही धावायचं. दुसऱ्या ठाण्याहून पंच येतात आणि आम्ही किती तयार आहोत ते बघतात.

त्यात दोन गोष्टी आमच्या वॉर्डाच्या. एक, सिलेंडर उघडायचा नाही. मास्क लावायचा, पट्टा ओढायचा, पण गॅस युद्धासाठी राखायचा. दुसरी गोष्ट मी पाडलेली रीत. ही कष्टाची माणसं. पाठीखाली गादी आली की कण्हायचं विसरून घोरायला लागतात. पंच रागवायचे. मी म्हणायची, "झोपू दे हो, लढाईत माणसं बेशुद्धही पडतातच." तेव्हापासून ड्रिलमध्ये झोपलेल्याला आमच्या वॉर्डात कुणी उठवत नाही. ड्रिलला मदतीला येणाऱ्या नव्या नर्सना मी पहिल्याच दिवशी हे सांगते, यंदाच्या धाकट्या सिस्टरलाही सांगितलं होतं. मला त्याचा अभिमान होता.

बेत सरळ होता. बारक्याला जखमी म्हणून आत आणायचं. खिडकीजवळच्या खाटेवर निजवायचं. पंचांची पहिली फेरी झाली, काटे तपासून झाले, की त्याचा सिलेंडर मी हळूच उघडायचा. उघडायची चावी माझ्याच खिशात असते. संध्याकाळी ड्रिल संपलं की जखमी उठून घरी जातात. आत येणाऱ्यांना गेटवर मोजतात, बाहेर जाणाऱ्यांना कुणी मोजत नाही. वॉर्डला कुलूप लागलं की आत फक्त मी जाते. चार दिवस तो त्या रिकाम्या वॉर्डात राहील, सलग श्वास घेईल, माझ्या हातचं औषध घेईल, आणि कुणाला पत्ता लागणार नाही. नोकरी गेली तर जाईल. हे मी कुणालाही सांगितलं नाही. भावजय आणि बारक्या सोडून कुणालाच नाही.

ड्रिलच्या सकाळी त्याला रिक्षाने आणलं. गेटबाहेर जखमी रंगवायचं काम चाललं होतं. मी त्याच्या सदऱ्यावर लाल रंग फासला आणि गळ्यात लाल चिठ्ठी अडकवली, वर लिहिलं 'छातीत जखम', म्हणजे मास्क लागेलच. बारक्या एकेक शब्द तोडत म्हणाला, "ताई... जरा बेताने... नवा सदरा आहे."

"कण्हशील ना?" मी विचारलं.

"कण्हायला... श्वास लागतो," तो म्हणाला.

गेटवरच्या शिपायाने त्याच्याकडे पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "याने बघा कसं जमवलंय. बाकीचे नुसते दात काढतायत." स्ट्रेचर आत गेला. खिडकीजवळची खाट. मी उशी उंच केली, पाय झाकले. त्याने मान वळवून ओळीने लावलेल्या सगळ्या खाटा पाहिल्या आणि नंतर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत टोमणा नव्हता. घरात पहिल्यांदा पाहुणा म्हणून आल्यासारखा तो लाजला होता.

पंच आले. दंडावर पट्टी बांधलेले एक मेजर, मिशी झुबकेदार, स्वभावाने हसरे. त्यांनी काटे पाहिले, कपाटं पाहिली, मान डोलावली. मी खिशातल्या चावीवर हात ठेवून उभी होते, ते पाठ फिरवतात कधी याची वाट बघत. ते वळले ते माझ्याकडेच.

"पहिला गोळा नेमका तुमच्या टेबलावर पडलाय," ते म्हणाले. "सिस्टर, तुम्ही गेलात."

"कुठे?"

"वर." सगळे हसले. त्यांनी माझ्या गळ्यात काळी चिठ्ठी घातली. "बाहेर बाकावर जाऊन बसा. आता तोंडातून शब्द काढायचा नाही. मेलेली माणसं मदत करत नाहीत."

"साहेब, पण ऐन वेळी मी..."

"तेच तर बघायचंय. सगळा वॉर्ड तुमच्या एकटीच्या जिवावर चालतो म्हणे. तुम्ही नसताना चालतो का ते कळायला नको? त्यासाठीच मारलंय तुम्हाला."

बरोबरच होतं त्यांचं. हेच मला छळतं. एका माणसावर अडून बसलेली तयारी ही तयारी नव्हे, हे त्यांच्या जागी मी असते तरी म्हणाले असते.

बाक अंगणात, वॉर्डाच्या खिडक्यांसमोर. तिथे आधीच दोन मेलेले बसले होते, आचारी आणि गाडीचा ड्रायव्हर. समोर एक शिपाई, मेलेले नीट मेलेले राहतात की नाही ते बघायला. आचारी कुजबुजला, "बरं झालं मेलो. आज एवढ्यांचा स्वयंपाक कोण करणार होतं?" ड्रायव्हर हसू दाबत होता. मी खिडकीकडे बघत होते. बारक्याचं तोंड दिसत नव्हतं. खाटेचा पायथा दिसत होता आणि चादरीखालचे पाय. ते सारखे हालत होते, जागा शोधत असल्यासारखे.

मी उठले. शिपाई आडवा आला. मी म्हणाले, मला मेजरसाहेबांशी बोलायचंय, आत्ता. माझ्या आवाजात काहीतरी असावं, त्याने त्यांना बोलावून आणलं. मी त्यांना खरं सांगितलं. म्हणाले, "साहेब, खिडकीजवळच्या खाटेवर माझा सख्खा भाऊ आहे. तो खरोखरच आजारी आहे. त्याला खरा ऑक्सिजन लागतोय."

त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "गेल्या खेपेला एका ठाण्यावर मेलेल्या डॉक्टरने सांगितलं, माझ्या बायकोचे दिवस भरलेत, मला जाऊ द्या. मी जाऊ दिलं, तर बुवा सरळ ऑपरेशनच्या खोलीत." ते हसले. "काळजी करू नका. तुमच्या धाकट्या सिस्टर मस्त सांभाळतायत. बसा, आणि आता बोललात तर वॉर्डचे गुण कापेन."

मी बसले. हे वाक्य लिहिताना माझा हात जड होतो, पण मी बसले. ओरडले असते, शिपायाला ढकललं असतं, तर दोन ढांगांत दार होतं. मी का बसले? कारण मला वाटलं, फार आरडाओरड केली तर ते खरं मानतील, आणि खरं मानलं की त्याला उचलून पुन्हा त्या बोळात नेऊन टाकतील. इतकं जवळ आणून ते घालवायचं नव्हतं मला. धाकटी सिस्टर हुशार आहे, तिच्या लक्षात येईल, असंही वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांची सवयही होती. बस म्हटलं की बसायची.

आत गडबड रंगात आली होती. आरोळ्या, धावपळ, स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज. धाकटी सिस्टर खिडकीपाशी आलेली दिसली. ती वाकली, काहीतरी केलं, सरळ झाली. मास्क लावला असणार. थोड्या वेळाने त्याचे पाय संथ झाले. मग थांबले. आणि मला बरं वाटलं. देवाशप्पथ सांगते, मला बरं वाटलं. किती रात्री तो बसून काढत होता, आडवं झालं की जीव गुदमरायचा. मी मनात म्हटलं, लागली बाई झोप. मी बाकाला पाठ टेकली. आचाऱ्याने शेंगदाणे पुढे केले, मी चार दाणे घेतले.

दुपारच्या सुटीची शिट्टी झाली तेव्हा धाकटी सिस्टर घामाघूम होऊन बाहेर आली. चेहरा आनंदाने फुललेला. "सिस्टर, एकही लाल चिठ्ठी राहिली नाही," ती म्हणाली. "आणि तुमच्या त्या खिडकीजवळच्या काकांना काय गाढ झोप लागलीय. मास्क लावला, पट्टा घट्ट ओढला, जरा हात हालवत होते, मग झोपले. डोळ्यांखाली काय काळं झालंय हो बिचाऱ्यांच्या. पंच उठवायला निघाले होते, मीच म्हटलं, नको साहेब, आमच्या वॉर्डात झोपलेल्याला उठवत नाहीत."

"सिलेंडर?"

"तो कसा उघडणार? ड्रिल आहे ना. आणि चावी तर तुमच्याकडे."

मी धावले. शेंगदाणे हातातून कुठे पडले कोण जाणे. त्याच्या तोंडावर मास्क गच्च बसवलेला होता, आमच्या शिकवणुकीप्रमाणे, कुठून हवा जायला जागा नाही. नळी सिलेंडरला जोडलेली आणि सिलेंडर बंद. एरवी तोंड उघडून खोलीतली थोडीफार हवा तरी तो ओढत होता. ती वाटही आम्ही बंद केली होती. मी चावी लावून सिलेंडर पुरता उघडला. काटा हलला. गॅस सूं सूं करत त्याच्या तोंडावर जात राहिला. मी त्याची छाती दाबायला लागले. आमचे डॉक्टर धावत आले, त्यांना एका नजरेत कळलं, ते त्याच्यावर तुटून पडले. सुया, नळ्या, औषधं, सगळं हाताशी होतं, काहीही शोधावं लागलं नाही. शेजारच्या खाटेवरचा हमाल कोपरावर रेलून बघत होता. तो त्याच्या पलीकडच्याला म्हणाला, "हे चांगलं करतायत, खरंच वाटतं."

डॉक्टर थांबले तेव्हा मी नाही थांबले. त्यांनी माझे हात धरले.

मेजर दारात उभे होते. टोपी काढून हातात घेतलेली. म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

त्यांच्यावर ओरडावं असं मला वाटलं नाही. कुणावर ओरडू? मेजरांनी आपलं काम केलं. धाकट्या सिस्टरने मी शिकवलं तेच केलं, वर दयाही दाखवली. कर्नलसाहेबांनी नियम पाळला. उद्या खरंच युद्ध झालं तर आमचा वॉर्ड शेकडो पोरांचे जीव वाचवील, हेही खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणूनच मला कुठे तोंड लपवावं ते कळत नाही. कुणीतरी दुष्ट असता तर मी त्याला शाप दिला असता आणि मोकळी झाले असते. देशाला किती तयारी पुरते, हे मोठमोठ्या माणसांनी ठरवावं. मला एवढंच कळतं, की त्या खोलीत हवा गच्च भरून ठेवली होती आणि माझा भाऊ हवेवाचून गेला.

कर्नलसाहेब आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग काढला. हलक्या आवाजात म्हणाले, की बाहेरच्या माणसाचा मृत्यू इथे झाला अशी नोंद झाली तर चौकशी बसेल, तुम्हीही अडकाल, वॉर्डही जाईल. समोरच्या दवाखान्यात नेऊ, ते नोंद करतील. शिपायांना म्हणाले, "तोंड झाकू नका. गेटवर गर्दी आहे, गोंधळ होईल." बारक्याला उचलून स्ट्रेचरवर घेतलं. हलका झाला होता. मी बाजूने चालत होते. सुटीमुळे जखमी मंडळी अंगणात जेवायला बसली होती, कुणी नळाखाली हातावरचा रंग धूत होतं, कुणी कुणाच्या पट्टीची थट्टा करत होतं. आमच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. रंग लागलेला आणखी एक माणूस स्ट्रेचरवरून चाललेला, त्यात बघायचं काय?

गेटबाहेर भावजय उभी होती. हातात गाठोडं, त्यात चार दिवसांचे त्याचे कपडे, ते मी मधल्या सुटीत येऊन आत न्यायचे असं ठरलं होतं. तिने स्ट्रेचर पाहिला आणि ती पुढे आली. रंगाने माखलेला सदरा, गळ्यातली लाल चिठ्ठी, मिटलेले डोळे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली. तिला वाटलं, बेत कुठेतरी फिसकटलाय, कुणाला तरी संशय आलाय, आणि आता दुसऱ्या दाराने आत नेतायत. शहाणी बाई, तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही की ओळखही दाखवली नाही. शिपाई क्षणभर थांबले होते. चप्पल नीट करायचं निमित्त करून ती वाकली आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "अहो, असेच पडून राहा. अजिबात हालू नका. सगळे बघतायत."